मुलाच्या खिशातला चाकू



व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही आमचा विषय कळविला तेव्हा त्यांना तो थट्टेचा वाटला. कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल. मुलाच्या खिशातल्या चाकूवर तो काय बोलणार? शिवाय वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली. अशा परंपरेच्या व्यासपीठावर अडीच इंचांच्या पात्याचा प्रपंच कशाला, ही शंका रास्त आहे. आमचे म्हणणे इतकेच की, हा प्रश्न मुळात भरवशाचा आहे. कोणावर, केव्हा आणि कशाच्या आधारावर भरवसा टाकायचा, हा आमच्या कामातला रोजचा प्रश्न. तोच प्रश्न तेरा-चौदा वर्षांचे मूल घरात उभा करते.

मूल म्हणते, मला घडीचा चाकू हवा. शाळेची सहल सिंहगडावर जायची आहे, दोरी कापायला लागते, कैरी चिरायला लागते. आई म्हणते, हात कापून घेशील. वडील म्हणतात, कोणाशी भांडण झाले आणि हातात चाकू असला तर? आजोबा कोपऱ्यातून म्हणतात, आमच्या वेळी प्रत्येक पोराच्या दप्तरात चाकू असे. तिघेही खरे बोलतात, आणि तिघांचे मिळून काही ठरत नाही. शेवटी "मोठा झालास की बघू" या वाक्यावर सभा बरखास्त होते. मोठा म्हणजे किती मोठा आणि मोठा होणार कसा, हे कोणी सांगत नाही.

आजोबांचे म्हणणे आधी घेऊ. बोरूने लिहिण्याच्या काळात बोरू तासायला चाकू लागे, आणि ते तासणे विद्यार्थ्यालाच शिकावे लागे. टोक नीट नसले की अक्षर बिघडे. इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला 'पेननाइफ' म्हणतात, तेही पिसाची लेखणी तासण्यावरूनच. म्हणजे चाकू हे एके काळी शाळेचे साहित्य होते. टाक आला, फाउंटन पेन आले, पेन्सिलीला टोक करायचे यंत्र आले, आणि चाकूचे दप्तरातले काम संपले. मुले बिघडली म्हणून चाकू गेला असे नाही. काम गेले म्हणून चाकू गेला. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागेल.

आता वडिलांची भीती. ती निराधार आहे असे कोणी म्हणू नये. गेल्या काही वर्षांत पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. मिसरूड न फुटलेली पोरे दुचाकीवरून कोयते फिरवीत जातात, दुकानांच्या काचा फोडतात, माणसांवर वार करतात. ज्यांच्या घरची माणसे अशा वारांनी जायबंदी झाली, त्यांच्यापुढे मुलांच्या हक्काची भाषणे करणे आम्हांला शोभणार नाही. पण एक विचारावेसे वाटते. कोयता हे ऊसतोड कामगाराचे हत्यार आहे. बीडकडचा मजूर थंडीच्या दिवसांत बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात येतो, आणि पहाटेपासून त्याच कोयत्याने ऊस तोडतो. फडात सगळ्यांच्याच हातांत कोयते असतात, आणि तेथे त्यांना ऊस पुरतो. दुचाकीवर बसून कोयता हवेत फिरविणाऱ्याला ऊस तोडायचा नसतो. वस्तू तीच आहे. तिच्यामागचे काम तेवढे नाहीसे झाले आहे.

आपल्या मराठी भाषेत एक शहाणपण आहे. सुताराच्या पटाशीला आपण हत्यार म्हणतो आणि मारेकऱ्याच्या सुऱ्यालाही हत्यारच म्हणतो. खंडेनवमीला एका घरात तलवारीची पूजा होते, तर त्याच दिवशी कारखान्यात कानस, हातोडी, पाना आणि लेथ यांना झेंडूचे हार पडतात. शब्द एक, पूजेचा दिवस एक. पाते कसे आहे हे पाहून अवजार आणि शस्त्र वेगळे करता येत नाहीत, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. ते वेगळे होतात हातात पडलेल्या कामामुळे आणि हाताला लागलेल्या वळणामुळे.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या-तलवारी शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, शास्त्र आणि उद्योग यांसाठी बनविलेली पाती त्यांतून वगळली आहेत. म्हणजे साधा घडीचा चाकू त्या यादीत बसत नाही. मात्र १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस एखाद्या भागात काही दिवस चाकू, काठ्या वगैरे घेऊन फिरण्यास मनाई करू शकतात, आणि अशी मनाई शहरांत वरचेवर होत असते. विमानात हातातल्या सामानात तर चाकू चालतच नाही. तेव्हा चाकू असणे आणि तो खिशात घालून बाजारात हिंडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा पहिला धडा मुलाला द्यावा.

याच कायद्याच्या पुस्तकांत आणखी एक विचार आहे, आणि तो फार मोलाचा आहे. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, आपण काय केले आणि त्याचे परिणाम काय, हे कळण्याइतकी समज त्याला आली होती का, हे पाहावे लागते. जुन्या दंडसंहितेत हेच होते आणि २०२३ च्या न्याय संहितेतही हेच आहे. म्हणजे कायद्यालाही नुसते वय पुरत नाही. तो समज पाहतो. उलट २०१५ च्या बाल न्याय कायद्याने असे ठरविले की, सोळा पुरी झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप आला, तर त्याची समज तपासून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा मार्ग मोकळा करता येतो. आता आपला संसार पाहा. सोळाव्या वर्षी शिक्षेपुरती मुलाची जबाबदारी आपण मोजायला तयार आहोत. पण सोळाव्या वर्षापर्यंत त्याच्या हाती जोखमीचे एकही काम देऊन ती जबाबदारी घडविली का, याचा हिशेब कोणी मागत नाही. पगार न देता दंड कापण्यासारखाच हा प्रकार झाला.

आणि जोखमीची वस्तू आपण मुलांना देत नाही, असेही नाही. चाकूला नाही म्हणणारा बाप क्लासला जायला दुचाकीची किल्ली देतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली अशी दुरुस्ती झालेली होती की, अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या दुरुस्तीतले तत्त्व आम्हांला मान्य आहे. देणाऱ्याने उत्तर दिले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत तर आपण हा प्रश्न कधी विचारलाच नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला विळीवर बसवून मेथी चिरायला लावताना ती जबाबदार आहे का, यावर कोणत्या घरात चर्चा झाली? विळीचे पाते खिशातल्या चाकूपेक्षा मोठे, उघडे आणि उभे. तरीही मुली शिकल्या. त्या जन्मतः शहाण्या होत्या म्हणून नव्हे. शेजारी आई किंवा आजी बसलेली असे, "बोटे आत घे, नजर पात्यावर ठेव" असे सांगत असे, आणि भाजी त्याच दिवशी पानात पडत असे. शिकविणारा माणूस, खरे काम आणि पाहणारा डोळा, ही तीन साधने तेथे हजर होती. आज तीच विळी मुलाच्याही पुढे ठेवावी, म्हणजे निम्मा प्रश्न स्वयंपाकघरातच सुटेल.

आता आमच्या कारखान्यातले सांगतो. पॉवर प्रेसवर बोटे गेलेले कामगार आम्ही पुष्कळ पाहिले. अपघातानंतरच्या चौकशीत एक वाक्य ठरलेले असते: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. मग आम्ही विचारतो, यंत्राची जाळी जाग्यावर होती का? दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी योजना असते. त्यातले एक बटण उत्पादन वाढावे म्हणून पाचर मारून कायमचे दाबून ठेवले होते का? या माणसाला यंत्रावर उभे करण्यापूर्वी किती दिवस शिकविले? येथे उत्तरे थांबतात. "मूल बेजबाबदार आहे" हे वाक्य आमच्या कानाला "कामगार निष्काळजी आहे" या वाक्याचे सख्खे भावंड वाटते. दोन्ही वाक्ये ज्याच्या हातून रक्त निघाले त्याच्यावर बोट ठेवतात, आणि ज्याने शिकवायचे होते त्याला मोकळे सोडतात.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २३ होते. अठरा वर्षांखालील कामगाराला धोक्याच्या यंत्रावर लावायचे, तर त्या यंत्राचे धोके आणि घ्यायची खबरदारी त्याला पूर्णपणे सांगितलेली असली पाहिजे. शिवाय त्याला पुरेसे शिक्षण तरी मिळालेले असले पाहिजे, नाही तर यंत्र जाणणाऱ्या माणसाची त्याच्यावर पुरेशी देखरेख असली पाहिजे. २०२० साली संमत झालेल्या संहितेने पुढे त्या कायद्याची जागा घेतली. पण त्या कलमातला विचार घरात लावण्यासारखा आहे. त्यात मुलाचा स्वभाव विचारलेला नाही, मोठ्या माणसाचे कर्तव्य सांगितले आहे. येथे गैरसमज नको. कोवळ्या मुलांना मजुरीला जुंपण्याचे समर्थन आम्ही कधी केले नाही आणि करणारही नाही. मजुरी मुलाच्या हाताकडून काम काढून घेते. शिक्षण त्या हाताला काम देते. हा फरक सोडला तर आमच्या बोलण्यात काही उरणार नाही.

मग निर्णय कसा करावा? आमच्या मते वडिलधाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मुलाला चाकूचे काम आहे का? फळ चिरणे, दोरी कापणे, बांबू तासून आकाशकंदील बांधणे, कलम बांधणे, असे एक तरी काम हवे. नुसता मित्रांना दाखवायला चाकू मागत असेल, तर तो नाकारावा. दुसरी, त्याला शिकविले आहे का? आपल्या अंगापासून बाहेरच्या बाजूला कापावे. हात लांब करून सभोवार फिरवावा, तेवढ्या घेरात कोणी नसावे. दुसऱ्याला देताना मूठ पुढे करावी. पात्याने डबे उघडू नयेत, स्क्रू पिळू नयेत. मिटताना बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत. धार लावायलाही शिकवावे, कारण बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा वाईट. त्याला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की पाते निसटते. बोट कापलेच तर स्वच्छ फडक्याने दाबून धरून हात वर ठेवावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी, हेही त्याच धड्यात यावे. तिसरी गोष्ट, उत्तर कोण देणार? चाकू कोठे ठेवायचा, शाळेत व बाजारात न्यायचा नाही, रागात असताना हात लावायचा नाही, हे नियम आधी ठरवावेत. नियम मोडला तर चाकू महिनाभर आपल्या कपाटात ठेवावा आणि महिना संपला की परत द्यावा. परत देणेही शिकविण्याचाच भाग आहे. कायमचा काढून घेतलेला चाकू मुलाला काहीच शिकवीत नाही.

ही तीन उत्तरे ठीक आली तर बारा वर्षांच्या मुलालाही साधा घडीचा चाकू द्यायला हरकत नाही. न आली तर अठरा वर्षांच्यालाही देऊ नये. खटका दाबताच पाते उडणारा रामपुरी मात्र कोणत्याच मुलाला नको. कैरी चिरायला खटका लागत नाही.

ही सगळी व्यवस्था ज्याच्या घरात शिकवायला माणूस आहे त्याच्यासाठी झाली. ज्या वस्तीत आई-बाप दोघेही दोन पाळ्यांत राबतात, तेथल्या मुलाचे काय? त्याला कोणी चाकू धरायला शिकविले नाही म्हणून त्याच्या हाती तो कधी पडणार नाही, असे नाही. गल्लीतला दादा एक दिवस तो देईल, आणि कामही सांगेल. म्हणून आमची मागणी शाळांकडे आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाड येथे गरिबांच्या मुलांचे हात हे शिक्षणाचे साधन मानले. वर्ध्याला १९३७ साली नयी तालीमची कल्पना मांडली गेली, तिचा पाया हाताचे काम हाच होता. आज नगरपालिकेच्या प्रत्येक शाळेत एक कामाची खोली असावी, तिच्यात शेगडा, करवत, कानस आणि चाकू असावेत, हत्यारे मोजून द्यावीत, मोजून परत घ्यावीत, आणि शिकवायला निवृत्त झालेला सुतार किंवा फिटर असावा. असे कारागीर आमच्या संघटनांत आहेत. दोन तास द्यायला ते आनंदाने येतील, बोलावणारा पाहिजे.

पोलिसांनी कोयते जप्त करावेत, त्याला आमचा विरोध नाही. पण जप्त केलेल्या प्रत्येक कोयत्यामागे एक रिकामा हात असतो, आणि तो जप्तीच्या पंचनाम्यात लिहिला जात नाही. त्या हाताला काम, शिक्षण आणि एक वडीलधारा माणूस कोण देणार, हे या नगराने ठरवायचे आहे.