डोक्यांतील कोंडा व घरगुती उपाय

कोंडा हा कांहीं जिवावर बेतणारा विकार नव्हे. त्यापायीं कोणी अंथरूण धरीत नाहीं, कीं कोणी कचेरींतून रजा मागत नाहीं. त्यामुळें त्याविषयीं गंभीरपणें विचार करण्याची आवश्यकताहि कोणास वाटत नाहीं, आणि जो तो आपल्या घरांत किंवा शेजारीं ऐकलेला उपाय निःशंकपणें करीत सुटतो. परंतु प्रौढ माणसांपैकीं जवळजवळ निम्म्यांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा त्रास होतो असा वैद्यकाचा अंदाज आहे. समोरचा मनुष्य आपल्या खांद्यावरील पांढरी भुकटी पाहून मनांत काय म्हणत असेल, या एका विचारानें कितीएक तरुण-तरुणी गडद रंगाचीं वस्त्रें वर्ज्य करतात, आणि नोकरीच्या मुलाखतींत किंवा लग्नाच्या बोलण्याच्या प्रसंगीं अर्धें लक्ष आपल्या खांद्याकडेच ठेवतात. विकार क्षुद्र असला तरी त्यापासून होणारा मनस्ताप क्षुद्र नसतो.

आपल्या भाषेनें या विकाराला धान्याच्या कोंड्याचें नांव दिलें. ग्रीकांनींहि तेंच केलें. पाश्चात्त्य वैद्यकांतील 'पिटिरिआसिस' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ कोंडाच. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांच्या प्रकरणीं 'दारुणक' या नांवानें याचें वर्णन आहे, व केसांची भूमि खाजणें, ती रूक्ष होणें, भेगाळणें हीं त्याचीं लक्षणें सांगितलीं आहेत. म्हणजे सर्वांच्याच दृष्टीला प्रथम भरला तो कोरडेपणा. आणि कोरडें दिसलें कीं तेल घालावें ही तर मनुष्याची सहजबुद्धि! दाराची बिजागरी करकरूं लागली तरी आपण तेलाचीच बाटली शोधतों.

एखाद्या मध्यमवर्गीय घरांतील रविवारची सकाळ श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. सोळा-सतरा वर्षांची नात खांदे झटकीत आजीपुढें येऊन बसते. आजी तिचे केस बाजूस सारून पाहते आणि म्हणते, "अगं, डोकें किती कोरडें पडलें आहे तुझें! तेलाचा थेंब म्हणून नाहीं." लगेच वाटीभर कोमट खोबरेल केसांच्या मुळांशीं जिरविलें जातें. नात कुरकुरते, "आजी, तेलानें जास्तच होतं गं!" "कांहींतरीच तुझें! आमचे केस कमरेखालीं होते, ते काय तुमच्या बाटल्यांनीं?" तेल लागतांच पापुद्रे ओले होऊन त्वचेस चिकटतात, दिसेनासे होतात, खाजहि थोडा वेळ थांबते, आणि आजीचा विजय होतो. तीन दिवसांनीं कोंडा पुन्हां दिसूं लागला म्हणजे तेल कमी पडलें असा निष्कर्ष निघतो, व वाटी दुसऱ्यांदा भरली जाते. या वादांत नातीचें म्हणणें बरोबर असतें. मात्र आजीहि सर्वस्वीं चुकलेली नसते, आणि ती कोठें बरोबर आहे हें पाहण्याजोगें आहे.

सन १८७४ मध्यें लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानें कोंड्याच्या पापुद्र्यांत एका सूक्ष्म बुरशीच्या पेशी पाहिल्या. पुढें तिला त्याच्याच नांवावरून 'मालासेझिया' म्हणूं लागले. परंतु ही बुरशी निरोगी माणसाच्या डोक्यावरहि वस्तीस असते. तेव्हां ती कोंड्याचें कारण कशी, हा वाद शंभर वर्षें रेंगाळला. १९८४ सालीं सॅम शूस्टर या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञानें निरनिराळ्या औषधांचा गुण तपासून असें प्रतिपादन केलें कीं, जीं औषधें कोंड्यावर चालतात तीं बुरशीला मारणारीं आहेत, म्हणून मूळ तेथेंच शोधलें पाहिजे. २००७ सालीं या बुरशीच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि एक मोठी मौजेची गोष्ट उघड झाली. या जीवाला स्वतःपुरतें स्निग्ध द्रव्यसुद्धां तयार करतां येत नाहीं! तें त्याला दुसऱ्याच्याच घरून आणावें लागतें, आणि तें घर म्हणजे आपल्या डोक्याची त्वचा.

आपल्या त्वचेंतील ग्रंथींतून जें तेल पाझरतें, तें ही बुरशी फोडते, त्यांतील हवा तो भाग खाते आणि ओलेइक आम्लासारखीं द्रव्यें मागें टाकते. कांहीं माणसांची त्वचा हीं द्रव्यें निमूटपणें सोसते, कांहींची सोसत नाहीं; ती चिडते, खाजते. एरवीं महिनाभराच्या सावकाशीनें होणारी त्वचेची झड मग घाईनें होऊं लागते, आणि अर्धवट पिकलेल्या पेशींचे पुंजके पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपानें गळूं लागतात. ज्याला आपण कोरडेपणा म्हणतों, तो बहुधा तेलकटपणाचाच परिणाम होय. त्वचेंतील ग्रंथी वयांत येतांना जाग्या होतात, म्हणून कोंडाहि त्याच सुमारास सुरू होतो. न्हाणें टाळल्यामुळें तो वाढतो हें खरें. पण तो अस्वच्छतेचा पुरावा नव्हे, आणि एकाच्या फणीनें दुसऱ्यास लागणाराहि नव्हे. घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांना यावरून टोमणे मारणें तेवढें थांबविलें तरी अर्धा मनस्ताप कमी होईल.

आतां तेलाविषयीं. ओलेइक आम्ल कोंड्याची प्रवृत्ति असलेल्या माणसांच्या डोक्यावर मुद्दाम लावून पाहिलें असतां पापुद्रे सुटूं लागतात, असें प्रयोगानें दिसून आलें आहे. आणि तें आम्ल ऑलिव्हच्या तेलांत विपुल असतें. म्हणून हल्लीं शहरांतून महागडें ऑलिव्ह तेल कोंड्यावर चोळण्याची जी टूम निघाली आहे, ती सोडून देणेंच इष्ट. खोबरेलाची गोष्ट थोडी निराळी. मुंबईंतील एका तेल-उद्योगाच्या प्रयोगशाळेंतून २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें कीं, खोबरेल तेल केसांत शिरून धुतांना होणारी प्रथिनांची झीज कमी करतें. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाला तें साधत नाहीं. संशोधन तेलवाल्यांचें असलें तरी तें केसांविषयीं आहे, कोंड्याविषयीं नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. आजी बरोबर आहे ती येथें. तिचें तेल केसांना मानवतें, तें चुकीच्या ठिकाणीं पडतें इतकेंच. शिवाय जुन्या अभ्यंगाच्या विधींत तेल लावल्यावर लागलीच शिकेकाईनें न्हाणें आलेंच. तेल जिरवून तसेंच शाळा-कॉलेजांत जाणें, हें त्या विधीचें पूर्वार्धापुरतें पालन झालें!

शिकेकाई व रिठा यांत फेस आणणारें जें द्रव्य असतें, तें तेल व मळ धुऊन काढतें, हाच त्यांचा खरा गुण. सौम्य कोंड्याला आठवड्यांतून दोन-तीन वेळां असें न्हाणें पुष्कळदां पुरतें. रिठ्याचें पाणी डोळ्यांत जाऊं न देण्याची काळजी मात्र घ्यावी. येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. 'शांपू' हा शब्द इंग्रजीनें हिंदुस्थानांतूनच नेला. चंपी आणि चेपणें यांच्या गोतांतला तो आहे. पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ब्रायटन येथें अंग चेपून देण्याचें स्नानगृह काढून हा शब्द लोकप्रिय केला. म्हणजे तो शब्द मुळांत फेसाचा नव्हे, मालिशाचा.

लिंबाचा रस हा सर्वांत आवडता उपाय, आणि तोच सर्वांत जपून करण्याचा. त्यानें पापुद्रे सुटतात खरे, परंतु नखांनीं ओरखडलेल्या त्वचेची आग होते. आणि रस लावून उन्हांत बसल्यास कातडीवर भाजल्यासारखे फोड व काळे डाग उठूं शकतात. खाण्याचा सोडा चोळणें तर मुळींच नको. त्वचेचा स्वाभाविक आम्लपणा त्यानें नाहींसा होतो. भिजवून वाटलेली मेथी व दहीं यांनीं केस मऊ होतात, कोंडा जातोच असें नाहीं. दहीं नीट न धुतल्यास वास मात्र हमखास राहतो. कडुनिंबाचा पाला प्रयोगशाळेंत बुरशीवर कांहीं परिणाम दाखवितो, पण प्रयोगशाळेंतील बशी आणि माणसाचें डोकें यांत मोठें अंतर आहे.

मधाचा उपाय मात्र माणसांवर पाहिला गेला आहे. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, दीर्घकाळ त्रास असलेल्या ३० रुग्णांना थोड्या कोमट पाण्यांत कालविलेला मध एक दिवसाआड डोक्यास लावून तीन तासांनीं धुवावयास सांगितलें होतें. आठवड्यांत खाज थांबली, दोन आठवड्यांत त्वचा सुधारली. आणि ज्यांनीं पुढें मध सोडला त्यांपैकीं बहुतेकांना कांहीं महिन्यांत त्रास पुन्हां सुरू झाला. रुग्ण थोडे होते हें खरें, शिवाय तीन तास मध माखून बसण्याइतकी सवड कोणाला असते हाहि प्रश्नच. ऑस्ट्रेलियांतील 'टी ट्री' या झाडाच्या तेलाचा प्रयोग २००२ सालीं १२६ जणांवर झाला. पांच टक्के तेल घातलेल्या शांपूनें चार आठवड्यांत ४१ टक्के सुधारणा दिसली. तेल नसलेल्या शांपूनें ११ टक्के. हें तेल शुद्ध स्वरूपांत कधीं लावूं नये, त्वचा पोळते.

घरगुती उपाय महिनाभर करूनहि गुण न आल्यास औषधी शांपूकडे वळण्यांत कमीपणा नाहीं. केटोकोनाझोल व सेलेनियम सल्फाइड हीं द्रव्यें बुरशीला आवरतात. सॅलिसिलिक आम्ल पापुद्रे सैल करतें. झिंक पायरिथिऑनहि बुरशीवर चालतें. त्याचा सौंदर्यप्रसाधनांतील वापर युरोपीय संघानें मार्च २०२२ पासून बंद केला आहे, भारतांत मात्र तें मिळतें. पण बाटली आणूनहि गुण येत नाहीं अशी तक्रार पुष्कळांची असते, आणि तिचें कारण बहुधा घाई हें असतें. औषधी शांपू लावून तत्काळ डोकें धुतल्यास औषध गटारांत जातें, बुरशी जागच्या जागीं राहते. तो केसांना नव्हे, त्वचेला लावावा, आणि तीन ते पांच मिनिटें, म्हणजे अथर्वशीर्षाचें एक आवर्तन सावकाश होईपर्यंत, राहूं द्यावा. केटोकोनाझोलचा शांपू आठवड्यांतून दोनदां, असा दोन ते चार आठवडे लावावा. सेलेनियमच्या शांपूपूर्वीं आंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्या, नाहीं तर त्या काळवंडतात.

जें पांढरें दिसतें तें सर्व कोंडाच असतें असें मात्र नाहीं. केसाला घट्ट चिकटून राहतात, बोटानें सरकत नाहींत, त्या उवांच्या लिखा. लहान मुलाच्या डोक्यावर खवले येऊन तेथले केस तुटत किंवा गळत असतील तर तो नायट्याचा प्रकार असण्याचा संभव आहे; त्यास पोटांत औषध घ्यावें लागतें, तेल-लिंबांत दिवस घालविल्यास केसांची कायमची हानि होऊं शकते. जाड, चंदेरी खपल्या केसांच्या सीमेबाहेर कपाळावर उतरल्या तर सोरायसिसची शंका घ्यावी. या सर्वांकरितां त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावें. तान्ह्या मुलाच्या टाळूवर धरणारी पिवळसर खपली मात्र भिण्यासारखी नसते. ती कांहीं महिन्यांत आपोआप जाते. तोंवर टाळू भरण्याच्या निमित्तानें थोडें तेल लावून ती मऊ करावी आणि नंतर तें तेल धुऊन टाकावें. नखानें उकरूं नये.

कोंडा बरा झाला तरी कायमचा जात नाहीं, कारण बुरशी आपल्या डोक्यावरची नेहमींची रहिवासी. जागरण, मनाचा ताण, थंडीचे दिवस यांत तो पुन्हां डोकें वर काढतो. म्हणून गुण आल्यावरहि औषधी शांपू आठवड्या-दोन आठवड्यांनीं एकदां लावीत राहावें. आणि रविवारचें तेलहि बंद करण्याचें कारण नाहीं. आजीनें तें केसांच्या मधल्या भागापासून टोंकांपर्यंत लावावें, मुळांशीं जिरवूं नये, आणि तासाभरानें नातीनें शिकेकाईनें न्हावें.