गरम पाण्याचा पंप : आधी सक्शन पाहा



बॉयलरचा पंप घ्यायचा म्हटलं की दोन आकडे हमखास विचारले जातात : ताशी किती घनमीटर पाणी, आणि किती दाबाला द्यायचं. दोन्ही आकडे डिलिव्हरीचे. गरम पाण्याचा पंप मात्र बहुधा सक्शनला मार खातो. म्हणून आज सक्शनपासूनच सुरुवात करू.

पंप पाणी ओढतो, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात इंपेलरच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि मागचा दाब पाण्याला आत ढकलतो. तिथला दाब पाण्याच्या बाष्पदाबाखाली गेला, की पाणी जागीच उकळतं. ते बुडबुडे पुढे जास्त दाबात गेले की मिटतात, आणि त्या माऱ्यानं इंपेलरला खड्डे पडतात. पंपात खडी फिरतेय असा आवाज येतो. हेच कॅव्हिटेशन. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या 1894 च्या बोटीला याच कारणानं अपेक्षित वेग येईना. तेव्हा त्यांनी दोन इंची प्रोपेलर जवळजवळ उकळत्या पाण्यात फिरवून पाहिला. पाणी तापवलं की कमी वेगातही कॅव्हिटेशन दिसतं. त्यांनी प्रयोगासाठी मुद्दाम जुळवलेली ही परिस्थिती बॉयलर हाऊसमध्ये रोजचीच असते.

आता हिशोब करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब 1.013 बार. पाणी 30 अंशांचं असेल, तर बाष्पदाब वजा जाता पाण्याच्या स्तंभाच्या हिशोबात सुमारे 10 मीटर दाब शिल्लक राहतो. तेच पाणी 90 अंशांचं झालं की बाष्पदाब 0.70 बार होतो आणि हातात उरतात 3.3 मीटर. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाबच कमी, म्हणून तिथं जेमतेम 2.6 मीटर. समजा, पंपाची गरज, म्हणजे सक्शनला बाष्पदाबाच्या वर लागणारा किमान दाब (एनपीएसएच), 4 मीटर आहे आणि सक्शन पाइपात अर्धा मीटर जातो. मग पुण्यात उघड्या फीड टँकमधली पाण्याची पातळी पंपापेक्षा निदान 1.9 मीटर वर हवी. वर मीटरभर सूट धरली, तर 3 मीटर. बॉयलरच्या पाण्यात विरघळलेले वायू काढून टाकणाऱ्या डीअरेटरमध्ये पाणी उत्कलनबिंदूवरच असतं. तिथं वरचा दाब आणि बाष्पदाब एकमेकांना फेडून टाकतात. उपयोगी पडते ती फक्त उंची. डीअरेटर उंच मचाणावर बसवतात, त्यामागचं हे एक मोठं कारण.

पाणी 100 अंशांच्या वर द्रवरूपात फिरवायचं, तर सगळी यंत्रणा बंद आणि दाबाखाली ठेवावी लागते. 150 अंशांना बाष्पदाब 4.76 बार असतो, 180 अंशांना 10 बार. सक्शनचा दाब याच्या वर राहिला नाही, तर पाण्याची वाफ होते. अशा पंपात आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, सील : गरम पाणी सीलच्या दोन घासत्या पृष्ठभागांमध्येच वाफ होऊन उडतं आणि वंगण राहत नाही, म्हणून सीलला थंड पाण्याची सोय हवी. दुसरी, केसिंग : तापून ते प्रसरण पावतं. पायांवर टेकवलेला पंप वर उचलला जातो आणि मोटरशी असलेलं अलाइनमेंट बिघडतं. मध्यरेषेवर आधार दिलेल्या पंपात हे टळतं. तिसरी, मोटर : 180 अंशांना पाण्याची घनता घनमीटरला 887 किलो, तर थंड पाण्याची 998. गरम पाण्यावर मोटर निवडली, तर थंड पाण्यानं चालू करताना तिच्यावर बारा-तेरा टक्के जादा भार येतो. निवड थंड पाण्यावरच करा.

तेव्हा पुरवठादाराकडे आधी एनपीएसएचचा आलेख मागा, आणि तो जास्तीत जास्त प्रवाहाच्या बिंदूवर वाचा, कारण प्रवाह वाढला की गरजही वाढते. टाकीची उंची इमारतीचा आराखडा होतानाच ठरवा. पंप नंतर बदलता येतो. स्लॅब पडल्यावर तीन मीटर उंची कुठून आणणार?