केवळ वयाची कीर्ती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या पत्रलेखनातील एक जुनी रीत आता जवळजवळ लोपली आहे. वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना ‘तीर्थरूप’ आणि धाकट्यांना लिहिताना ‘चिरंजीव’ असा मायना घालावयाचा. गंमत अशी की, ‘पुष्कळ जग’ हा आशीर्वाद ज्याला जगावयाचे आहे त्यालाच. जो जगून बसला आहे त्याच्या वाट्याला आयुष्याचे नव्हे, तर पावित्र्याचे विशेषण. आमच्या पूर्वजांनी हा भेद विचारपूर्वक केला की सहज, हे सांगता येणार नाही; परंतु आज आम्ही जो प्रश्न आपणापुढे मांडणार आहोत त्याचे बीज या दोन मायन्यांत आहे. माणूस केवळ फार वर्षे जगला, यापलीकडे त्याच्या हातून लोकांनी लक्षात ठेवावे असे काही घडले नाही, तर त्याच्या वयामुळे त्याला मिळणाऱ्या प्रसिद्धीला खरी कीर्ती म्हणावे काय?

या मायन्याच्या पेचात आपल्या परंपरेतील सर्वांत दीर्घायुषी पुरुष सापडला होता, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. चांगदेव योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगले, अशी आख्यायिका आहे. ज्ञानदेवांची ख्याती ऐकून त्यांनी पत्र लिहावयास घेतले आणि ते पहिल्याच शब्दाशी अडले. समोरचा मुलगा वयाने लहान, म्हणजे ‘चिरंजीव’ लिहावे. पण ज्ञानाने थोर, म्हणजे ‘तीर्थरूप’ लिहावे. निर्णय होईना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठविला. तो पाहून मुक्ताबाईंनी, इतकी वर्षे जगून हे कोरेच राहिले, अशा अर्थाचा शेरा मारला. त्या कागदाला ज्ञानदेवांनी जे पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले ते ‘चांगदेव पासष्टी’ या नावाने आज आपल्यासमोर आहे. पुढे चांगदेवांनी त्या लहानग्या मुक्ताबाईंनाच गुरू केले, असे सांगतात. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. आख्यायिकेतील आकडा कोणी खरा मानो वा न मानो, ती रचणाऱ्या लोकमानसाने चौदाशे आणि एकवीस हे दोन आकडे समोरासमोर ठेवून आपला निवाडा दिलेला आहे. चौदाशे वर्षांचे नाव टिकले ते एका कोऱ्या कागदामुळे, आणि तोही योग्य ठिकाणी पाठविला म्हणून.

आमच्या पुराणांनीही दीर्घायुष्याला सरसकट थोरवी दिलेली नाही. सप्तचिरंजीवांच्या नामावळीत मारुतिराय आहेत, व्यास आहेत, बळी आहे. आणि त्याच नामावळीत अश्वत्थामाही आहे. त्याला मिळालेले दीर्घ आयुष्य हा वर नव्हे, शाप होय. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून नर्मदाकाठी हिंडतो, अशी परिक्रमावासीयांची समजूत आहे. त्याला सर्व ओळखतात, पण घरात मुलाचे नाव अश्वत्थामा ठेवलेले आमच्या तरी ऐकिवात नाही.

तथापि जगात अन्यत्र केवळ वयासाठी मोठे मान मिळाले आहेत, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडातील श्रॉपशर परगण्यात टॉमस पार नावाचा एक शेतकरी होता. आपला जन्म १४८३ सालचा, असे तो सांगे. १६३५ साली अरंडेलच्या उमरावाने त्याला मुद्दाम लंडनला आणून पहिल्या चार्ल्स राजाच्या भेटीस नेले. लंडनची हवा आणि तेथील खाणेपिणे त्या खेडुताला मानवले नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो वारला. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेने त्याच्या प्रेताची तपासणी केली. नंतर राजेरजवाडे व कवी जेथे विसावले आहेत त्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन झाले. तो दहा राजेराण्यांच्या कारकिर्दी पाहून गेला, असे त्याच्या थडग्यावर कोरलेले आहे. या दहा कारकिर्दींत त्याने स्वतः काय केले, याविषयी सांगण्यासारखे जवळजवळ काही नाही. एकशे बावन्न वर्षांचे ते वय आज कोणीही खरे मानीत नाही. म्हणजे ज्या एकाच आधारावर ती कीर्ती उभी होती, तोच आधार गळून पडला. दगड तेवढा राहिला. एकोणिसाव्या शतकात त्याच्या नावाने आयुष्य वाढविणाऱ्या गोळ्या विकल्या जात, हा त्या कीर्तीचा शेवटचा उपयोग.

पारचे वय लोककथेतले होते. फ्रान्समधील आर्ल गावच्या झान काल्माँ या बाईंचे मात्र कागदोपत्री आहे. जन्म २१ फेब्रुवारी १८७५, मृत्यू ४ ऑगस्ट १९९७. म्हणजे १२२ वर्षे आणि १६४ दिवस. कागदपत्रांनी सिद्ध झालेले मनुष्याचे याहून अधिक वय आजवर नोंदलेले नाही. त्यांच्या मुलीने आईचे नाव धारण केले असावे, अशी शंका २०१८ साली एका रशियन अभ्यासकाने काढली. पण १९३४ साली वारलेल्या त्या मुलीचा आणि आईचा कागदोपत्री माग पुन्हा काढून फ्रेंच संशोधकांनी ती फेटाळली. या बाईंच्या चरित्रातील एक गोष्ट सगळीकडे चवीने सांगितली जाते. नव्वदाव्या वर्षी, १९६५ साली, त्यांनी आपले राहते घर एका सत्तेचाळीस वर्षांच्या वकिलाला असे विकले की, त्या जिवंत असेतो त्याने दरमहा अडीच हजार फ्रँक द्यावेत आणि त्यांच्या पश्चात घर घ्यावे. वकील तीस वर्षे पैसे भरीत राहिला आणि १९९५ साली स्वतःच वारला. मग त्याच्या पत्नीने हप्ते चालू ठेवले. ऐकताना हसू येते खरे. परंतु याच बाईंची मुलगी, पती आणि एकुलता नातू असे सर्व त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते, हे त्या हशात कोणाला आठवत नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच आहे. बाई जगप्रसिद्ध झाल्या त्या १९८८ च्या सुमारास. कारण काय? चित्रकार व्हॅन गॉग १८८८ साली आर्ल गावी राहावयास आला, त्या घटनेची ती शताब्दी होती. त्याला प्रत्यक्ष पाहिलेले कोणी उरले आहे काय, याचा शोध घेत वृत्तपत्रांचे बातमीदार गावात आले आणि त्यांना या बाई सापडल्या. आपण लहानपणी त्याला दुकानात पाहिला होता, माणूस गलिच्छ आणि तुसडा होता, असे त्यांनी सांगितले. व्हॅन गॉग १८९० साली वारला तेव्हा त्याचे वय सदतीस होते. एकशे तेरा वर्षांच्या बाईंकडे जग प्रथम गेले ते त्या सदतीस वर्षे जगलेल्या माणसाची चौकशी करण्यासाठी! त्यांचे स्वतःचे शतक कोणी विचारले नाही.

हे सांगताना बाईंचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी कोणाकडे कीर्ती मागितली नव्हती. आम्हांला दाखवावयाचे आहे ते इतकेच की, वयाची प्रसिद्धी उसनी असते. ती एकतर आकड्याकडून उसनी घेतलेली असते, नाहीतर ज्यांना पाहिले त्यांच्याकडून. पैकी आकड्याचा भरवसा फार कमी. जपानच्या शिगेचियो इझुमी यांना जगातील सर्वांत दीर्घायुषी पुरुष म्हणून गिनेसच्या पुस्तकात जागा मिळाली. १९८६ साली ते वारले तेव्हा वय १२० सांगितले गेले. पुढे तपास होताच ती मान्यता गेली. आपल्या देशात तर वयाचा हिशेब वर्षानुवर्षे प्लेगच्या सालावरून, इन्फ्लुएंझाच्या साथीवरून आणि दुष्काळावरून चालत आला. मुलाला शाळेत घालताना मास्तरांनी पहिली जून ही जन्मतारीख घातली, असे आपल्यापैकी कितीतरी जण या सभागृहात बसलेले असतील. जनगणनेतही शून्याने आणि पाचाने संपणाऱ्या वयांची गर्दी दिसते. ज्यांची पत्रिका मांडली गेली त्यांचे वय ठरते. ज्यांची मांडली नाही ते कितीही जगले तरी विक्रमाच्या वहीत येत नाहीत.

फौजासिंग यांचे उदाहरण येथे आठवते. जालंधरजवळच्या बियास गावचे हे गृहस्थ. २०११ साली टोरोंटोची मॅरॅथॉन शर्यत त्यांनी पुरी केली, तेव्हा त्यांच्या पारपत्राप्रमाणे त्यांचे वय शंभर होते. जन्माचा दाखला नाही म्हणून गिनेसने तो विक्रम नोंदविला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्याच गावाजवळ रस्त्यावर वाहनाची धडक बसून ते गेले. त्यांना ती शर्यत पुरी करावयास आठ तासांहून अधिक लागले. एखाद्या तिशीच्या तरुणाने एवढा वेळ लावला असता, तर त्याच्यासाठी कोणी थांबलेही नसते. म्हणजे येथे वय लागलेच. पण नुसते वय पुरले नाही, धावणेही लागले. आमच्या मते वय हा गुणक आहे. ज्या संख्येला गुणावयाचे ती शून्य असेल, तर शंभराने गुणा की सव्वाशेने, उत्तर तेच येते.

किन्नौरमधील कल्पा गावचे शिक्षक श्यामसरण नेगी यांचेही तसेच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान बर्फ पडण्यापूर्वी उरकावे म्हणून त्या भागात १९५१ च्या ऑक्टोबरात झाले आणि स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून त्यांचे नाव झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या १०५ व्या वर्षी, घरूनच विधानसभेसाठी मत देऊन तीनच दिवसांनी ते वारले. एक मत कोणीही देतो. सत्तर वर्षे चुकविले नाही, तेव्हा त्या मताला नाव आले.

आता ज्यांचे उदाहरण कोणताही मराठी श्रोता आमच्या आधीच मनात आणून बसला असेल, त्या महर्षी कर्व्यांकडे वळू. १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२, म्हणजे १०४ वर्षे. १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. हिशेब करून पाहावा: ते साठाव्या वर्षी वारले असते, तरी त्यांची मुख्य कामे झालेलीच होती आणि त्यांची कीर्ती तसूभरही उणी झाली नसती. मग पुढल्या चव्वेचाळीस वर्षांनी काय केले? त्या वर्षांचा लाभ कर्व्यांना झाला त्यापेक्षा समाजाला अधिक झाला, असे आम्हांस वाटते. ज्या समाजाने त्यांना पंक्तीतून उठविले, त्याला १९५८ साली, त्यांच्या शंभराव्या वर्षी, ‘भारतरत्न’ देऊन आपले माप सुधारून घेता आले. आगरकर १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या बाबतीत समाजाला ही सवड मिळालीच नाही. दीर्घायुष्याचे खरे माहात्म्य आम्हांला येथे दिसते.

पंडित सातवळेकरांचे नाव आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी तर घ्यावयासच हवे. चित्रकार म्हणून आरंभ, हैदराबाद, लाहोर, औंध असा प्रवास, आणि उत्तरायुष्य गुजरातेतील पारडी येथे वेदांच्या आवृत्त्या सिद्ध करण्यात. १९६८ साली पद्मभूषण मिळाले त्याच वर्षी, शंभरी ओलांडून, ते गेले. त्यांच्या बाबतीत मात्र वर्षे खरोखरीच कामाला आली. तेवढे काम पन्नास वर्षांत उरकणे कठीण होते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की, मग आपला निकाल सरळ आहे: नुसत्या वयाला काही किंमत नाही. तसे आम्ही म्हणत नाही. सुवर्णमहोत्सवानिमित्त नव्वदी ओलांडलेल्या सभासदांचा सत्कार करण्याचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला, तेव्हा एका तरुण सदस्याने विचारले की, मंडळासाठी झिजले त्यांचा सत्कार समजतो, वयाचा कशासाठी? काहींना तो प्रश्न उर्मट वाटला. आम्हांला तो रास्त वाटतो, आणि त्याचे उत्तर आपल्या धर्मविधींतच आहे. एक हजार पौर्णिमा व्हावयास सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. म्हणून एक्याऐंशीच्या सुमारास आपण सहस्रचंद्रदर्शनाची शांत करतो. त्या दिवशी त्या व्यक्तीने जन्मात काय मिळविले, असे कोणी भटजी विचारीत नाही. चंद्र दिसला, पुन्हा दिसला, हजार वेळा दिसला, एवढ्याबद्दल घर कृतज्ञ असते. तो कीर्तीचा सोहळा नव्हे, घरचे कार्य आहे. कीर्ती परके देतात. ही कृतज्ञता आपले देतात. आणि परमुलखात मंडळ म्हणजे घर नाही तर दुसरे काय?

मात्र घरचे कार्य घरच्यासारखे व्हावे. मानपत्रात ‘कीर्तिवंत’, ‘थोर’ असे शब्द घालून ज्येष्ठांना अवघडून टाकू नये. त्यांनाही ते खरे वाटणार नाहीत. आज जे नव्वदीच्या घरात आहेत, ते हे मंडळ स्थापन झाले तेव्हा चाळिशीचे होते. पहिला गणपती कोणाच्या ओसरीवर बसला, वर्गणी किती होती, नाटकाचा पडदा कोठून आणला, कोणत्या कारणावरून दोन गट पडले आणि कोणी ते जुळविले, हे जुन्या इतिवृत्तांत नाही. ते त्यांच्याजवळ आहे. बातमीदारांनी आर्लच्या बाईंना एका चित्रकाराविषयीच विचारले. आपण आपल्या माणसांना त्यांच्याच आयुष्याविषयी विचारू शकतो. तेव्हा आमची कार्यवाहांना विनंती अशी की, शाल-श्रीफळाची यादी करण्यापूर्वी प्रत्येकाच्या घरी दोघा-दोघांनी वही घेऊन जावे. सकाळी जावे, दुपारी डोळा लागलेला असतो. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून न्यावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत घाई करू नये.