ठाण्याचा उंबरठा आणि गावची मुले



‘गुपचूप जेव, नाहीतर पोलिसाला बोलावते.’ बुलडाणा जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, हे वाक्य न ऐकलेले मूल सापडणे कठीण. पूर्वी या कामासाठी बागुलबुवा होता. बागुलबुवाचे एक बरे होते. तो खरा नव्हता, त्यामुळे मूल जाणते झाले की त्याची भीती आपोआप जात असे. पोलीस मात्र खरा आहे. तो बाजाराच्या दिवशी चौकात उभा असतो, गणपतीच्या मिरवणुकीबरोबर चालतो, शेगावच्या गर्दीत वाट करून देतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आईने घातलेली त्याची भीती पुढे वयाबरोबर ओसरत नाही, उलट घट्ट होत जाते. ज्या दिवशी त्या मुलाला खरोखर पोलिसाची गरज पडते, त्या दिवशी ते त्याच्याकडे जात नाही. घास भरवण्याच्या सोयीसाठी दिलेल्या या धाकाची किंमत किती मोठी असते, याचा विचार मातापित्यांनी क्वचितच केलेला असतो.

महाराष्ट्र पोलीस दल दरवर्षी २ जानेवारीला आपला स्थापना दिन साजरा करते. २ जानेवारी १९६१ रोजी तत्कालीन पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते या दलाला ध्वज प्रदान झाला, त्याचे हे स्मरण. त्याला जोडून साजऱ्या होणाऱ्या सप्ताहात राज्यभरची पोलीस ठाणी विद्यार्थ्यांसाठी खुली होतात. शाळांच्या रांगा ठाण्याच्या आवारात येतात. टेबलावर मांडलेल्या बंदुका, श्वानपथकाची प्रात्यक्षिके, बिनतारी संदेश यंत्रणा, ठाणे अंमलदाराची खुर्ची, स्टेशन डायरी, असे सारे मुलांना दाखवले जाते. कोठे निबंध स्पर्धा होते, कोठे दौड, कोठे पालकांसाठी व्याख्यान. तेरा तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २६ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात, जेथे बहुसंख्य लोक खेड्यात राहतात, अनेक मुलांच्या आयुष्यातील ठाण्याची ही पहिलीच पायरी असते. उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. मात्र त्या एका सकाळी मूल कोणती गोष्ट मनात घेऊन घरी परतते, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

मुलांची सर्वांत मोठी गर्दी बंदुकांपाशी होते, आणि त्याखालोखाल कोठडीपाशी. गज धरून आत डोकावणाऱ्या मुलांना पाहून एखादा हवालदार किंवा सोबत आलेले गुरुजी हसत म्हणतात, ‘खोड्या केल्या तर इथेच टाकू!’ सारे हसतात, मुलेही हसतात. पण कायदा काय सांगतो? २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे दहावे कलम स्पष्ट आहे : मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप असला तरीही त्याला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही. म्हणजे मुलांना ज्या खोलीचा धाक घातला जातो, तीच खोली कायद्याने त्यांना कायमची बंद केली आहे. हे त्याच ठिकाणी, त्याच गजांसमोर मुलांना सांगितले गेले, तर त्या भेटीचा सारा अर्थ बदलून जाईल. विनोदाला हरकत नाही. पण कायद्याच्या रक्षकाच्या तोंडी कायद्याच्या उलट विनोद शोभत नाही.

सांगण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा, अशी याच अधिनियमात तरतूद आहे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचे रक्षण करणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यानुसार पीडित मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार पंधरा वर्षांखालील मुलाला किंवा कोणत्याही स्त्रीला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचे. अशा तरतुदी करताना कायदेमंडळाने एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती ही की मूल खाकी पाहून घाबरणार. गणवेश उतरवून ठेवायला सांगणारा कायदा करावा लागला, यातच सारे आले.

ही भीती आईने निर्माण केलेली नाही. तिने ती फक्त वापरली. तिचे मूळ इतिहासात आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, इंग्रजांनी पोलीस कायदा केला. प्रजेवर वचक बसवणारे दल त्यांना हवे होते. प्रजेच्या मुलांशी त्याचे नाते जुळावे, ही कल्पनाही त्यांच्या डोक्यात नव्हती. त्याहून क्रूर होता १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्माला आलेले मूल डोळे उघडण्याआधीच गुन्हेगार ठरवणारा असा कायदा जगात क्वचितच झाला असेल. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली. पारधी, भामटा, कैकाडी अशा कितीतरी जमातींना हजेरी, शिक्का आणि संशय वारशाने मिळाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. संशय मात्र कागदावरून उतरून मनात जाऊन बसला.

बुलडाणा जिल्ह्यातील पारधी बेड्यावरच्या मुलाला ठाण्याच्या भेटीचे आमंत्रण मिळाले तर त्याला काय वाटेल, याची कल्पना करून पाहावी. त्याच्या घरात ‘पोलीस येईल’ हे वाक्य जेवण भरवण्यासाठी उच्चारले जात नाही. तेथे ते रात्री-अपरात्री आलेल्या गाडीचा आवाज ऐकून उच्चारले जाते. गावात चोरी झाली की पहिली चौकशी बेड्यावर, हा अनुभव त्याच्या आजोबांचा आहे, वडिलांचा आहे आणि बऱ्याचदा त्याचाही आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभे राहिलेले निवासी विद्यासंकुल आणि त्यामागची गिरीश प्रभुणे यांची तपश्चर्या या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. २०२१ साली ‘पद्मश्री’ने त्यांचा गौरव झाला. मुलाला वही-पाटी आणि दोन वेळचे जेवण मिळाले, की त्याच्यावरचा शिक्का पुसायला वेळ लागत नाही, हे त्या कामाने दाखवून दिले. आता प्रश्न उरतो तो शिक्का मारणाऱ्या हाताचा. जानेवारीच्या सप्ताहात शहरातील नामांकित शाळांच्या रांगा ठाण्यात येतात तेव्हा बेड्यावरची मुले त्या रांगेत असतात का? नसतील, तर ठाण्यानेच एक दिवस बेड्यावर जावे, आणि तोही चौकशीच्या कागदाशिवाय. ज्या घरांनी पोलिसांचा एकच चेहरा पाहिला आहे, त्या घरांसाठी हा खरा स्थापना दिन ठरेल.

पोलीस आणि समाज यांच्यात अंतर असलेच पाहिजे, असे काही नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. केरळने २०१० साली विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना सुरू केली, आणि जुलै २०१८ मध्ये आठवी-नववीच्या मुलांसाठी ती देशपातळीवर आणली गेली. जपानमध्ये गल्लीच्या तोंडाशी छोटी पोलीस चौकी असते, आणि रस्त्यात सापडलेले नाणेही मूल तेथे नेऊन देते. तेथील चौकीला ते मूल घाबरत नाही, कारण ती त्याच्या शाळेच्या वाटेवर आहे. आपल्याकडे याहून जुनी सोय होती आणि आहे : गावचा पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने या पदाला आजचे स्वरूप दिले. तो गावातच राहतो, त्याची मुले त्याच शाळेत जातात, त्याला प्रत्येक घर ठाऊक असते. सप्ताहाच्या कार्यक्रमात मात्र त्याला बहुधा खुर्च्या मांडण्यापुरतेच बोलावले जाते!

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख टाळून चालणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे एकच सांगतात. मुलांवरील बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या मुलाच्या ओळखीचा असतो. म्हणजे तो नात्यातला, शेजारचा, घरी येणारा-जाणारा. कुटुंब हा भारतीय समाजाचा आधार आहे, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती खरीही आहे. पण याच कुटुंबात घराण्याच्या अब्रूच्या नावाखाली मुलाचे तोंड बंद केले जाते, हेही तितकेच खरे. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने बांधाचे, भाऊबंदकीचे, पाण्याचे असंख्य वाद गावात मिटवले. ते काम मोलाचे होते. मात्र मुलावरील अत्याचार हा ‘तंटा’ नव्हे. तो चावडीवर मिटवण्याचा अधिकार सरपंचाला नाही, जातपंचायतीला नाही, खुद्द आईबापांनाही नाही. अशी घटना ठाऊक असूनही प्रौढाने ती कळवली नाही, तर पोक्सो कायद्याच्या कलम २१ नुसार तो स्वतः सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरतो. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडपले तर एक वर्षापर्यंत. पालकांसाठीच्या व्याख्यानात मोबाइलच्या दुष्परिणामांवर तासभर बोलले जाते आणि या विषयावर दोन मिनिटेही नाही. वक्त्याला संकोच वाटतो, श्रोत्यांनाही. संकोच समजण्यासारखा आहे, पण त्याचा लाभ गुन्हेगाराला मिळतो.

रस्त्याचा विषय त्यामानाने सोपा. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. जिल्हा ते विसरलेला नाही. परंतु मोठ्या अपघाताची चर्चा करणारे तेच वडील नववीतल्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड आहे, शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. ही माहिती मुलांपेक्षा वडिलांना देण्याची गरज आहे. मुलगी घरी जाऊन ‘बाबा, हेल्मेट?’ असे विचारते, तेव्हा वाहतूक शाखेच्या दहा फलकांचे काम होते, हा त्यातला सुखद भाग.

यात्रांचेही तसेच. सप्ताह संपतो न संपतो तोच १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी, सिंदखेड राजा येथे जनसागर लोटतो. पुढे शेगावचा प्रकटदिन, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा. गर्दीत आईचे बोट सुटलेल्या मुलाला स्वतःचे पूर्ण नाव, गाव आणि घरचा एक फोन क्रमांक सांगता यावा, आणि खाकी दिसताच त्याने पळ न काढता तिच्याकडे धावावे, एवढे शिकवले तरी पुरे. लहानग्याच्या खिशात चिठ्ठी ठेवणाऱ्या माउल्या अजूनही आहेत; ती रीत फार शहाणपणाची आहे.

आता ८ जानेवारीनंतरचे काय, याचा विचार. घाटाखाली जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. तीच अक्षय्य तृतीया लग्नाचा मोठा मुहूर्त आहे, आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलींची लग्नेही याच दिवसांत उरकली जातात. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. खेड्यात ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंध अधिकारी नेमले आहे आणि अंगणवाडी सेविकेने त्याला साहाय्य करायचे आहे. पण मुलीचे लग्न ठरले, हे सर्वांत आधी तिच्या मैत्रिणीला कळते. त्या मैत्रिणीला ग्रामसेवक हा दाखले देणारा माणूस वाटतो आणि पोलीस हा धरून नेणारा.

जानेवारीच्या दौऱ्यात याच मुली ठाण्यात आलेल्या असतात. बंदूक पाहून त्या परततात. त्यांना त्या दिवशी ठाण्यातील बाल कल्याण अधिकाऱ्याचे नाव कळले, तिचा किंवा त्याचा चेहरा दिसला, १०९८ आणि ११२ हे क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले गेले, फोन करणारीचे नाव गावात फुटणार नाही असा शब्द त्या अधिकाऱ्याने स्वतः दिला, आणि महिन्या-दीड महिन्याने तोच अधिकारी शाळेत पुन्हा एकदा येऊन गेला, तर फेब्रुवारीत एखादी मुलगी तो क्रमांक फिरवील. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. अक्षय्य तृतीया त्यानंतर येते. वर्गातील कोणत्या मुलीने परीक्षेचा अर्ज भरूनही शाळेत येणे थांबवले आहे, हे मुख्याध्यापकांच्या हजेरीपटावर तोवर दिसू लागलेले असते. तो हजेरीपट, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि ठाण्यातील तो अधिकारी यांनी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या एका खोलीत तासभर एकत्र बसावे. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.