पेंड वाढवली, तरी एसएनएफ का वाढेना?

आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून बोलतोय. १९६२ साली एमआयडीसीचं काम जिथून सुरू झालं, ती ही कारखान्यांची वसाहत. आम्ही इथे पॅकिंगच्या कामाला जातो, पण आमची गुरं गावाकडेच आहेत.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाई जुन्नर तालुक्यात दोन संकरित गाई सांभाळतात. गेल्या उन्हाळ्यात दुधाला फॅट ३.५ लागायची, पण एसएनएफ ८.२ च्या वर जाईना. ८.५ च्या खाली गेलं की दर कापला जातो. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग. त्यात प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार येतात. सासूबाईंनी सरकी पेंड वाढवली. पेंडेत प्रथिनं असतात, तीच दुधात उतरतील, असा त्यांचा हिशेब. आम्ही इथून पैसे पाठवत राहिलो. महिना गेला, उधारी वाढली, एसएनएफ तिथंच.

मग पशुवैद्यकांनी समजावलं. गाईनं खाल्लेलं प्रथिन सरळ दुधात येत नाही. ते आधी कोठीपोटात जातं. मोठ्या गाईच्या या पोटात शंभर लिटरांहून जास्त मावतं, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव राहतात. ते पेंडेतलं बरंचसं प्रथिन फोडतात, त्याचा अमोनिया करतात आणि त्यावर स्वतः वाढतात. पुढे हेच जीव गाईच्या पोटात पचतात. त्यातून निघालेली अमिनो आम्लं रक्तातून कासेत पोचतात आणि तिथं दुधाचं प्रथिन बनतं. एक लिटर दुधामागे कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरतं!

पण त्या जीवांना वाढायला ऊर्जाही लागते. ती चांगल्या वैरणीतून आणि धान्यातून मिळते. हे आम्हाला लगेच पटलं. शंभर बाटल्यांना साठच झाकणं आली, तर साठच बाटल्या बाहेर पडतात. उरलेल्या अमोनियाचा यकृतात युरिया होतो आणि तो बहुतेक मुतावाटे निघून जातो. म्हणजे आपले पैसे गोठ्याच्या नालीत गेले!

सासूबाईंकडे तेव्हा सुका कडबा आणि पेंड एवढंच होतं. त्यांनी पेंड पूर्वीइतकी केली, मक्याचा भरडा थोडा थोडा वाढवला, हिरवा मका जोडीला दिला. महिन्याभरात एसएनएफ ८.५ लागलं.

मैत्रिणींनो, भरडा एकदम वाढवू नका. कोठीपोटात आम्ल वाढतं, जनावर रवंथ सोडतं. युरिया तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वैरणीला लावूच नका, विषबाधा होते. कासदाहानंही एसएनएफ घसरतं, तेव्हा कास तपासून घ्या.

पुढच्या बैठकीला डेअरीच्या पावत्या आणा आणि जनावराला रोज काय काय घालता, ते लिहून आणा. पेंडेचं पोतं त्यानंतरच घ्या.