मुंगी ओळखावी कशी?

(शहागड येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)

आज आम्ही एका फार लहान जिवाविषयी बोलणार आहोत. तो पाहायला रानात जावे लागत नाही. तो तुमच्या चुलीजवळ आहे, कणगीखाली आहे, कपाशीच्या झाडावर आहे. तो जीव म्हणजे मुंगी.

तुम्ही म्हणाल, "मुंगी काय ओळखायची? लहान पोरालाही मुंगी ठाऊक असते!" आम्हीही असेच म्हणत होतो. मग एकदा फसलो. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या घराच्या चौकटीवर मातीची एक बारीक रेघ चढलेली दिसली. तिच्याभोवती काळ्या मुंग्यांची धावपळ चालली होती. आम्हाला वाटले, मुंग्याच लाकूड खातात. मुंग्या मारायची पावडर आणली आणि टाकली. मुंग्या गेल्या. आम्ही निर्धास्त झालो. पुढच्या पावसाळ्यात चौकटीला बोट लावले, तर बोट आत गेले! आतले लाकूड सारे पोखरलेले. ते काम वाळवीचे होते. मुंग्या आल्या होत्या त्या वाळवी धरून न्यायला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे झाले.

तेव्हापासून आम्ही एक धडा शिकलो. ओळख आधी, उपाय मागून.

आता पहिली ओळख. वाळवी ही मुंगी नव्हे. कोणी तिला पांढरी मुंगी म्हणतात, पण तिचे नाते झुरळाशी आहे. मुंगीचे नाते मधमाशीशी आणि गांधीलमाशीशी आहे. दोघींना पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. मुंगीची कंबर अगदी बारीक असते. वाळवीला कंबरच नसते. मुंगीच्या मिशा कोपरात वाकवलेल्या हातासारख्या असतात. वाळवीच्या मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या असतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात ना? त्यांतही हा भेद दिसतो. चारही पंख सारखे लांब असतील तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक असेल, तर ती मुंगी.

दुसरी गोष्ट मुंगळ्याची. पुष्कळांना वाटते, मुंगळा हा मुंगीचा नवरा. तसे नाही. मुंगळा ही मुंग्यांची एक वेगळी जात आहे. आपल्याला जे मुंगळे इकडे तिकडे फिरताना दिसतात, त्या सगळ्या माद्या आहेत, कामकरी माद्या. मुंग्यांच्या नराला पंख असतात, आणि तो थोडेच दिवस जगतो. मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, असे आपण म्हणतो. नराच्या बाबतीत ते खरे आहे. राणीचे मात्र तसे नाही. ती उडून झाल्यावर आपले पंख स्वतःच टाकते, जमिनीत शिरते आणि नवे वारूळ मांडते.

तिसरी गोष्ट, नुसत्या आकारावर जाऊ नका. काही जातींत एकाच वारुळात मोठ्या डोक्याच्या आणि लहान डोक्याच्या अशा दोन तऱ्हेच्या मुंग्या असतात. त्या बहिणीबहिणीच असतात. म्हणून भिंग घ्या आणि कंबर पाहा. मुंगळ्याच्या कमरेला एक गाठ दिसेल. तांबड्या चावऱ्या मुंगीच्या कमरेला दोन गाठी दिसतील. रंगाने माणूस फसतो, पण गाठ फसवत नाही.

आता नावाचे पाहू. इथून गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. गाव बदलले की बोलीही थोडी बदलते. आपण तांबडी मुंगी म्हणालो तर आपल्या डोळ्यांपुढे जमिनीतली येते. कोकणातल्या माणसापुढे आंब्याच्या पानांचे घर करणारी ओंबील येईल. मग एकाचे दुसऱ्याला कळायचे कसे? म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक जातीला जगभर चालेल असे एकच नाव देतात. त्यात आधी कुळाचे नाव, मग जातीचे; जसे हजेरीपटात आधी आडनाव, मग नाव. आपल्या काळ्या मुंगळ्याचे नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. त्यातले जातीचे नाव फॅब्रिशियस या डेन्मार्कच्या पंडिताने १७८७ साली दिले.

आता आपल्याच मुलुखातली एक गोष्ट ऐका. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी कर्नल साईक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी पुण्यात होता. पावसानंतर एकदा त्याला पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले, मूठ मूठ बियांचे. मुंग्यांनी साठवलेले बी भिजले होते. ते त्यांनी उन्हात वाळायला बाहेर काढले होते, जसे आपण भिजलेली ज्वारी अंगणात पसरतो. त्या काळी युरोपातले पुष्कळ पंडित म्हणत, मुंगी दाणे साठवते ही जुनी भाकडकथा आहे. त्यांच्या थंड मुलुखातल्या मुंग्या तसे करत नव्हत्या, म्हणून त्यांना ते खरे वाटेना. साईक्सने जे पाहिले ते लिहून ठेवले. १८३५ साली ते लंडनमध्ये छापले गेले. त्या मुंगीच्या जातीला त्याने प्रॉव्हिडेन्स हे नाव दिले. त्याचा अर्थ, पुढची तजवीज करणारी. त्याने तिला अट्टा या कुळात घातले होते. पुढे अधिक नीट पाहून शास्त्रज्ञांनी तिला फायडोल या कुळात नेले. कुळ बदलले, पण तिचे प्रॉव्हिडेन्स हे नाव कायम राहिले.

मंडळी, विचार करा. मुंग्या दाणे वाळवतात हे आपल्या गुराख्यांनी काय कधी पाहिले नसेल? पाहिलेच असेल. पण त्यांना लिहिता येत नव्हते. म्हणून त्यांचे पाहणे त्यांच्याबरोबरच गेले.

१९०३ साली बिंगहॅम या अधिकाऱ्याने हिंदुस्थान, लंका आणि ब्रह्मदेश येथल्या मुंग्यांचे मोठे पुस्तक लिहिले. त्यात सुमारे पाचशे प्रकार आले. आज एकट्या भारतात आठशेहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत, आणि साऱ्या जगात चौदा हजारांहून अधिक जाती. अजूनही नव्या सापडतच आहेत.

शेवटी शेतातली गोष्ट. कपाशीवर मुंग्या चढताना दिसल्या की आपण म्हणतो, मुंग्या पीक खातात. थांबा. पान उलटून पाहा. पानाखाली मावा असेल. मावा पानाचा रस शोषतो आणि त्याच्या अंगातून गोड चिकटा बाहेर पडतो. मुंग्या त्या गोडाला येतात. त्या बदल्यात त्या माव्याची राखण करतात, आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलतात. म्हणजे चौकटीवर मुंगी आपल्या बाजूची होती, इथे ती माव्याच्या बाजूची आहे. तेव्हा मुंग्यांची रांग दिसली की ती कुठे जाते ते पाहा. रांगच तुम्हाला दुखणे दाखवील. मग औषध कशावर आणि किती मारायचे, ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. उद्या सकाळी चिमूटभर साखर अंगणात ठेवा. कोणती मुंगी आधी येते? रंग कोणता? कमरेला गाठी किती? वारूळ कुठे आहे? तोंडात काय धरून नेते? एवढे पाच प्रश्न आणि तारीख लिहा. पुढच्या आठवड्यात वही घेऊन या. आम्ही भिंग घेऊन येतो. मग आपण सगळे मिळून पाहू, शहागडात मुंग्यांच्या जाती किती ते.