हरवलेल्या स्वरलिपीचे प्रदर्शन



ज्यांनी ह्या शाळेत वर्षानुवर्षे संगीत शिकविले, त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते. त्यांच्या स्मरणाला उचित म्हणून मी एका परदेशी संगीतकाराचा विषय निवडला आहे. ज्यूलियस ईस्टमन हे त्याचे नाव. हयातीत तो उपेक्षित राहिला आणि मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी त्याच्यावर चित्रशिल्पांची प्रदर्शने भरली. ऐकण्याच्या कलेचा सन्मान पाहण्याच्या कलेने करावा, ही घटना विचार करावयास लावणारी आहे.

ईस्टमनचा जन्म १९४० साली न्यूयॉर्कमध्ये एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बालपण इथाका ह्या गावी गेले. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये त्याने पियानो व संगीतरचना ह्यांचे शिक्षण घेतले. पुढे बफेलो येथील विद्यापीठात नवसंगीताचे जे केंद्र होते, त्यात तो वादक, गायक व रचनाकार म्हणून वावरला. पीटर मॅक्सवेल डेव्हिस ह्यांच्या एका अवघड गायनकृतीचे त्याने केलेले ध्वनिमुद्रण ग्रॅमी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोहोचले. म्हणजे गुणवत्ता कोणाच्या दृष्टीसच पडली नाही, असे म्हणता येत नाही. ती दिसूनही जतन झाली नाही, हे अधिक खेदाचे.

आपल्या रचनापद्धतीला तो सेंद्रिय संगीत म्हणे. रचनेचा प्रत्येक नवा भाग आधीच्या भागांतील सामग्री पोटात घेऊन पुढे सरकावा आणि मग त्यातील काही अंश हळूहळू गळून पडावा, असे त्याचे तत्त्व होते. आपल्या ख्यालगायनातील बढतीची ज्यांना सवय आहे, त्यांना ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. साम्य येथेच संपते, हेही सांगितले पाहिजे. कारण त्याच्या संगीतात एकच लहानसा आकार पुनःपुन्हा घुमत राहतो आणि चार-चार पियानो मिळून ध्वनीची भिंत उभी करतात.

१९७९ च्या सुमारास त्याने पियानोसमूहासाठी तीन रचना केल्या. त्यांपैकी दोहोंच्या शीर्षकांत कृष्णवर्णीयांना हिणविण्यासाठी वापरला जाणारा अत्यंत अपमानकारक शब्द होता. तिसरीत त्याने आपली समलिंगी ओळख उघडपणे मांडली आणि तिच्यात मार्टिन ल्यूथरच्या प्रसिद्ध भक्तिगीताची चाल गुंफली. जानेवारी १९८० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ह्या रचना सादर व्हावयाच्या होत्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला आणि छापील कार्यक्रमपत्रिकेतून शीर्षके वगळण्यात आली. ईस्टमनने व्यासपीठावर येऊन आपली बाजू मांडली. त्याच्या विवेचनाचा आशय असा, की हा शब्द तो पायाभूत, मुळाशी असलेल्या माणसासाठी योजतो. ज्याच्या श्रमावर इमारत उभी राहिली, त्याच्यासाठी. विद्यार्थ्यांची वेदना खरी होती आणि कलावंताचा युक्तिवादही पोकळ नव्हता. अशा प्रसंगी एका बाजूला शहाणे व दुसरीला मूर्ख ठरविणे सोपे असते. समजून घेणे अवघड असते.

त्यानंतरची कथा दुःखाची आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमधील राहत्या जागेतून त्याला बाहेर काढण्यात आले. सामानाबरोबर त्याच्या बहुसंख्य स्वरलिपीही गेल्या. काही काळ त्याने एका सार्वजनिक उद्यानात काढला. २८ मे १९९० रोजी बफेलोच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले, तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. पहिला मृत्युलेख छापून यावयास जानेवारी १९९१ उजाडला.

ह्या विस्मृतीतून त्याला परत आणण्यास आरंभ झाला तो एका अध्यापनाच्या गरजेतून. १९९८ साली संगीतकार मेरी जेन लीच ह्यांना एका अभ्यासक्रमासाठी ईस्टमनची दहा चेलोंची १९८१ मधील रचना हवी होती. ती सहज मिळेना. एका रचनेचा शोध अनेक वर्षांचा झाला. जुन्या सहकाऱ्यांच्या कपाटांतून कागद आणि ध्वनिफिती निघाल्या, आणि २००५ साली तीन तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. त्या चेलोरचनेची स्वरलिपी तर गेलीच होती. ध्वनिमुद्रण ऐकून क्लॅरिस जेन्सन ह्या चेलोवादिकेने ती नव्याने लिहून काढली.

ह्या पार्श्वभूमीवर २०१८ मधील प्रदर्शनांकडे पाहावे. वर्षारंभी न्यूयॉर्कच्या ‘द किचन’ ह्या कलासंस्थेत, जेथे ईस्टमनने स्वतः कार्यक्रम केले होते, त्याच्या जीवनाची कागदपत्रे आणि समकालीन कलावंतांनी त्याला उद्देशून केलेल्या कृती मांडल्या गेल्या. सोबत मैफलीही झाल्या. त्या उपक्रमाचे शीर्षक नॉर्थवेस्टर्नच्या त्या भाषणातील ‘पायाभूत’ ह्या कल्पनेवरूनच घेतले होते. त्याच वसंतात बर्लिनच्या ‘सावी कंटेम्पररी’ ह्या संस्थेने मेर्झम्युझिक महोत्सवाच्या सहकार्याने दुसरे प्रदर्शन भरविले.

येथे एक रास्त शंका येते. संगीत भिंतीवर कसे टांगणार? आणि जिवंतपणी ज्याला निवारा मिळाला नाही, त्याला काचेच्या पेटीत स्थान देणे ही भरपाई म्हणावी, की सोयीस्कर पश्चात्ताप? माझ्या मते भरपाई होऊच शकत नाही, आणि प्रदर्शनाने तसा दावा करू नये. परंतु मैफलीला जे जमत नाही, ते प्रदर्शनाला जमते. मैफल उरलेले ऐकविते. गेले काय, हे तिला सांगता येत नाही. प्रदर्शनात वाचलेला एक कागद पाहताना न वाचलेल्या कागदांची जाणीव होते. शिवाय, दुसऱ्या पिढीचे कलावंत त्याच्याशी स्वतःच्या भाषेत बोलतात, तेव्हा तो केवळ करुणेचा विषय राहत नाही. तो पूर्वसूरी ठरतो. ह्याचा परिणाम मैफलींतही दिसला. त्याची दुसरी सिंफनी नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथमच वाजली, आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ती सादर केली.

श्रोतेहो, ह्या बडोद्याला हा विचार नवा नाही. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. तिचे एक प्रमुख सूत्रधार पंडित भातखंडे ह्यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळविल्या, लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सर्वांच्या हाती दिल्या. लिपीत बंदिशीचा सारा प्राण येत नाही, हा आक्षेप खराच; पण सांगाडाही नष्ट झाला, तर प्राण कशात फुंकणार?

उपेक्षा ही क्वचितच कोण्या एकाची दुष्टाई असते. कोणी छापले नाही, कोणी स्थिर नोकरी दिली नाही, कोणी कागद उचलून ठेवले नाहीत. आणि ईस्टमननेही आपले कागद फारसे सांभाळले नाहीत. अशा लहान लहान अकर्तव्यांची ती बेरीज असते. म्हणून तिच्यावरचा उपायही लहानच आहे. ज्या गुरुजींचे आज आपण स्मरण करीत आहोत, त्यांनी बसविलेल्या समूहगीतांच्या वह्या, स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका, एखादी जुनी ध्वनिफीत तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर असेल. ती शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावी आणि ग्रंथालयाने तिची नोंद करून तिच्यासाठी एक कपाट राखावे, अशी माझी विनंती आहे. त्यांचे मोल आपण आजच ठरविण्याची आवश्यकता नाही. ते ठरविण्याची संधी पुढील पिढीला मिळावी, एवढे आपण निश्चित करू शकतो.